जखमी जवानाची डायरी अन् अपंगत्व पेन्शन : ट्रंकेतले कागद फेकू नका

गावाकडं माजी सैनिकाच्या घरात एक लोखंडी ट्रंक असतेच. त्यात युनिफॉर्म, पदकं, पत्रं आणि बऱ्याचदा एखादी जुनी डायरी. म्हातारा गेला की पोरं साफसफाईत ती रद्दीत घालतात. पण पेन्शनचं भांडण असेल तर त्या डायरीतल्या चार ओळींचा मोठा उपयोग होतो.

डायरी हा काही पक्का पुरावा नव्हे. मात्र जखम कुठल्या तारखेला झाली, युनिट कोणती होती, कोणत्या लष्करी दवाखान्यात किती दिवस ठेवलं, हे त्यातून कळतं. तेवढं हाती असलं की रेकॉर्ड ऑफिसकडं नेमका कागद मागता येतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला आहे. अर्जात नुसतं "सीमेवर जखमी झालो" लिहून भागत नाही.

पेन्शनचं गणित असं. निवृत्त जवानाला १०० टक्के अपंगत्वासाठी शेवटच्या पगाराच्या ३० टक्के इतका अपंगत्व भाग मिळतो, युद्धातली जखम असेल तर ६० टक्के. अपंगत्व कमी तर रक्कम त्या प्रमाणात कमी. इथं 'राउंडिंग'चा नियम कामाला येतो : ५० च्या खालचं अपंगत्व ५० धरतात, ५० ते ७५ चं ७५ आणि त्यावरचं १००. म्हणजे शेवटचा पगार ४०,००० आणि अपंगत्व ३० टक्के असेल, तर ५० धरून महिना ६,००० होतात, वर महागाई भत्ता वेगळा. राउंडिंग नसतं तर ३,६०० च मिळाले असते. आधी हा फायदा फक्त अपंगत्वामुळं मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना होता. १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालात सुप्रीम कोर्टानं तो मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही दिला.

खरी अडचण टक्क्यांची नसते, "आजार नोकरीमुळं झालेला नाही" या मेडिकल बोर्डाच्या शेऱ्याची असते. धरमवीर सिंग यांचं असंच झालं. १९८५ ला भरती, १९९४ ला फिट्सच्या आजारामुळं घरी, अपंगत्व २० टक्के, पेन्शन नाकारली. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीमुळंच झाला असं धरून चालायचं, आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. म्हणून भरतीच्या वेळचा वैद्यकीय कागद सोन्यासारखा. २१ सप्टेंबर २०२३ पासून मात्र नवे नियम आहेत, त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी ते आधी पाहावेत.

नकाराचं पत्र आल्यावर सहा महिन्यांत पहिलं अपील करायचं. तिथंही नाही झालं तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं एक खंडपीठ मुंबईत. उशीर झाला म्हणून हक्क बुडतोच असं नाही, पण २००८ च्या तरसेम सिंग निकालानंतर मागची थकबाकी साधारण तीनच वर्षांची मिळते. दहा वर्षं घरी बसलेल्याची सात वर्षं गेली, असा त्याचा सरळ अर्थ.

पुनर्वसनाची सोय आपल्या पुण्यातच आहे. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून, खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट तर पहिल्या महायुद्धातल्या जखमींसाठी १९१७ ला निघाली. कमरेखाली अधू झालेल्या जवानांसाठी खडकीतच वेगळं केंद्र आहे. आपल्या सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अधू झाले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्ण घेऊन आले. पद्मश्री मिळायला त्यांना २०१८ उजाडलं!

अर्ज भरायला एजंट शोधायची गरज नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाताना डिस्चार्ज बुक, पीपीओ, मेडिकल बोर्डाचा कागद, आधार आणि बँक पासबुक न्यावं. डायरी असेल तर तीही, पण मूळ वही कुणाच्या हातात सोडू नये. मोबाइलवर पानांचे फोटो काढून ठेवावेत. वीरपत्नींनीही हेच करावं, कारण नवऱ्याला हयातीत न मिळालेल्या थकबाकीसाठी त्यांनाही दाद मागता येते.