न्यू लंडनचा जोशुआ हेम्पस्टेड : एक माणूस, अनेक धंदे

कनेक्टिकटमधील न्यू लंडन बंदराच्या जोशुआ हेम्पस्टेडने १७११ ते १७५८ अशी जवळजवळ ४७ वर्षे रोजनिशी लिहिली. आधी हवामान, मग दिवसाचे काम, असा तिचा सरळ शिरस्ता. हा गृहस्थ शेतकरी होता, जहाजांचा सुतार होता. जमीन मोजणे, थडग्यांच्या दगडांवर अक्षरे कोरणे आणि न्यायदान हेही तो करी. एकट्याला हे कसे साधले, याचे उत्तर त्याच्या हुन्नराइतकेच त्या समाजाच्या घडणीत शोधावे लागते.

पहिले कारण ऋतूंचे. तिकडे जमीन कित्येक महिने गोठलेली असे. वसंतात नांगरट आणि गडग्यांची डागडुजी, मे महिन्यात मक्याची पेरणी, पुढे खुरपणी, ऐन उन्हाळ्यात गवताची कापणी. गुरांचा हिवाळा याच गवतावर निघायचा, म्हणून तेव्हा इतर धंदे मागे पडत. शरदात मका आणि सफरचंदांचा सायडर, थंडी पडली की डुकरांची कत्तल. बर्फावर घसरगाडी सहज चाले, त्यामुळे लाकूडतोड आणि वाहतूक हिवाळ्यावर टाकलेली असे. शेतीने मोकळे ठेवलेले दिवस कारागिरीत जात.

दुसरे कारण पैशाच्या टंचाईचे. नाणे दुर्मीळ, म्हणून व्यवहार वहीवर चाले. किंमत पौंड-शिलिंगांत मांडायची आणि फेड धान्याने, मजुरीने किंवा बैलजोडी देऊन करायची. हिशेब कधी कधी वर्षानुवर्षे उघडा राही. अशा व्यवस्थेत ज्याच्या हाती जास्त कसब, त्याच्याकडे देण्याजोगे जास्त.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ‘स्वावलंबी अमेरिकन शेतकरी’ या लाडक्या चित्रात त्याला जागाच दिली जात नाही. १७१६ मध्ये पत्नी अबिगेल वारली, तेव्हा घरात लहान मुले होती. मुलगे मोठे होत गेले तसे शेतात राबू लागले. १७२७ मध्ये हेम्पस्टेडने अ‍ॅडम जॅक्सन या कृष्णवर्णीय तरुणाला गुलाम म्हणून विकत घेतले. पुढची तीस वर्षे अ‍ॅडम त्याची शेते नांगरत होता, गवत कापत होता, लाकडे ओढत होता. मालकाला मोजणीसाठी परगावी किंवा न्यायाच्या कामाला जाता आले, ते शेत अ‍ॅडमच्या हाती होते म्हणून. वहीत शेजाऱ्याच्या बैलाच्या दिवसालाही मोल लावलेले असे. अ‍ॅडमच्या दिवसांचे देणे मात्र कोणत्याच खात्यावर चढले नाही.