वीस लहान मेणबत्त्या कुठं गेल्या?

हॅम्बर्गच्या गरीब वस्तीत रविवारची शाळा चालवणाऱ्या योहान हिनरिख विखर्नला १८३३ साली शहराबाहेर, हॉर्न नावाच्या गावात एक जुनं घर मिळालं. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. धर्मशास्त्राचं शिक्षण झालेलं, हाती पैसा नाही. त्या घरात त्यानं शहरातली वाऱ्यावर सोडलेली पोरं आणून ठेवली. 'राउहेस हाउस' हे त्या घराचं नाव. सुधारगृह म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं उंच भिंत आणि कुलूप येतं. विखर्ननं भिंत घातली नाही. दहा-बारा मुलांमागं एक वडीलधारा 'भाऊ', त्यांचं मिळून एक कुटुंब, आणि प्रत्येकाला हाताला काम, अशी त्यानं व्यवस्था लावली.

चर्चमध्ये वेदीशेजारी हिरव्या डहाळ्यांचं चक्र आणि त्यात चार मेणबत्त्या दिसल्या, की ही रीत प्रेषितांच्या काळापासून चालत आली असेल असं आमच्या वसईत बहुतेकांना वाटतं. ती आली ती या पोरांच्या घरातून, आणि तिला अजून दोनशे वर्षंही झालेली नाहीत.

त्याआधी आगमनकाळ, म्हणजे नाताळची वाट पाहायचा काळ, नव्हता असं नाही. होता, पण तो मोठ्या माणसांचा होता आणि उपासाचा होता. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूर शहराचे बिशप पर्पेतुअस यांनी ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास करायला सांगितलं. ५८१ साली माकोंच्या धर्मसभेनं सोमवार, बुधवार, शुक्रवार असे वारही लावून दिले. पुढं रोमनं हा काळ चार रविवारांवर आणला आणि उपासही हळूहळू सैल होत गेला. मागं उरलं ते धर्मगुरूंच्या झग्याचा जांभळा रंग, मिस्सामधलं गौरवगीत बंद, आणि लग्नांना मनाई. ट्रेंटच्या धर्मसभेनं सोळाव्या शतकात ही मनाई पक्की केली होती. तिची जरब आता गेली असली तरी आमच्याकडं लग्नाच्या तारखा आजही सहसा नाताळानंतरच्याच धरतात. डिसेंबरच्या सुरुवातीला हॉल स्वस्तात मिळतो म्हणून कुणी तारीख काढली, तर घरातली एखादी म्हातारी कपाळाला आठ्या घालतेच.

या सगळ्यात लहान मुलांना करण्यासारखं काय होतं? काही नाही. 'हे करू नको' एवढंच त्यांच्या वाट्याला येत असे.

विखर्नच्या पोरांचा प्रश्न साधा होता: नाताळ कधी? सकाळी विचारायची, दुपारी विचारायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी शाळेत शिकवत होते, त्यामुळं हा प्रश्न दिवसातून किती वेळा येऊ शकतो याची मला पुरती कल्पना आहे. 'अजून तेवीस दिवस' हे उत्तर सात वर्षांच्या मुलाच्या काही कामाचं नसतं, त्याला तेवीस डोळ्यांनी दिसावे लागतात. १८३९ साली विखर्ननं गाडीचं एक लाकडी चाक घेतलं, त्याच्यावर वीस लहान तांबड्या आणि चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या आणि ते प्रार्थनेच्या दालनात टांगलं. रोजच्या प्रार्थनेला एक मेणबत्ती पेटवायची. साध्या वारी तांबडी, रविवारी पांढरी. पोरांना आता विचारायची गरज राहिली नाही. मान वर केली की उत्तर मिळायचं.

हे आकडे मी एकदा कॅलेंडर मांडून ताडून पाहिले. १८३९ साली १ डिसेंबरलाच रविवार होता आणि तोच आगमनकाळाचा पहिला रविवार. त्या दिवसापासून २४ तारखेपर्यंत चोवीस दिवस. रविवार १, ८, १५ आणि २२ असे चार, बाकीचे वार वीस. चाकावरच्या मेणबत्त्या बरोबर बसतात. पण दर वर्षी असं जमत नाही. आगमनकाळाचे रविवार नेहमी चारच, मात्र पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमध्ये कुठंही पडतो. २०२२ साली आगमनकाळ अठ्ठावीस दिवसांचा होता. २०२३ साली चौथा रविवार २४ डिसेंबरलाच आला आणि सगळं बावीस दिवसांत आटोपलं. म्हणजे चाकावरच्या तांबड्या मेणबत्त्या कधी अठरा तर कधी चोवीस लागणार. घरच्या घरी करायचं असेल तर यात काहीच अडचण नाही, चार मेणबत्त्या कमी-जास्त लावल्या की झालं. छापायचं किंवा विकायचं असेल तर मात्र ही अडचण ठरते. कशी, ते पुढं येईलच.

काही वर्षांनी, १८६० च्या सुमारास, चाकाला फरच्या हिरव्या डहाळ्या गुंडाळायला लागले. राउहेस हाउसमध्ये तयार झालेले 'भाऊ' जर्मनीभर कामाला गेले आणि ही रीतही त्यांच्याबरोबर गेली. प्रोटेस्टंट घरांमध्ये पोचता पोचता चाक आक्रसलं. जेवणाच्या टेबलावर चोवीस मेणबत्त्या कुठं मावणार? वीस लहान गळाल्या, चार मोठ्या राहिल्या. मग ते चर्चमध्ये शिरलं, आणि चर्चलाही चारच सोयीच्या होत्या, कारण सगळी माणसं जमतात ती रविवारीच. कॅथलिक चर्चमध्ये हे चक्र पहिल्यांदा लागलं ते १९२५ साली कोलोनमध्ये. पुढं आम्ही कॅथलिकांनी त्याला आपला रंग दिला: तीन जांभळ्या मेणबत्त्या आणि तिसऱ्या रविवारची, आनंदाच्या रविवारची, एक गुलाबी.

वसईत फर नाही. आम्ही सुरूच्या डहाळ्या वापरतो, किनाऱ्यावर पाहिजे तेवढ्या मिळतात. आमच्या चर्चचं चक्र बरीच वर्षं मी बांधते. आत सायकलची जुनी रिम असते, तिच्यावर बाइंडिंगच्या तारेनं डहाळ्या आवळायच्या. सुरूची एक खोड आहे: पहिले तीन-चार दिवस हिरवीगार दिसते आणि दुसऱ्या रविवारपर्यंत पिवळी पडून वेदीभर बारीक काड्या गाळते. म्हणून मी निम्म्या डहाळ्या मधल्या शनिवारी बदलते. मेणबत्त्यांखाली लोणच्याच्या बरण्यांची पत्र्याची झाकणं ठोकलेली आहेत, कारण वर पंखा फिरत असतो आणि ज्योत एका अंगाला कलून मेण सगळं त्याच बाजूनं ओघळतं. पहिली मेणबत्ती चारही रविवार जळते, चौथी एकदाच. त्यामुळं शेवटच्या रविवारी चारही पेटतात तेव्हा पहिली पार बुटकी झालेली असते. चौघी सारख्या उंचीच्या दिसाव्यात म्हणून पहिली मध्येच बदलून नवी लावायची सूचना दर वर्षी कुणी ना कुणी करतं. मी ती मानत नाही. बुटकी मेणबत्ती हेच तर तिथलं घड्याळ आहे.

आठवड्याचे सहा दिवस चर्चनं सोडून दिले, ते घरांनी सांभाळले. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन घरांत दारावर खडूनं चोवीस रेघा ओढत आणि मुलं रोज एक पुसत. कुठं भिंतीवर रोज एक चित्र लावत. कुठं रिकाम्या गव्हाणीत रोज एक काडी टाकत, म्हणजे नाताळच्या रात्रीपर्यंत बाळाचं अंथरूण तयार. टॉमस मानच्या १९०१ च्या 'बुडनब्रूक्स' कादंबरीत लहानग्या हानोसाठी त्याला सांभाळणारी इडा रोज एक पान फाडायचं कॅलेंडर हातानं करून देते. तेव्हा असलं काही दुकानात घ्यायला जायची रीत नव्हती. करणारी आई असायची, नाहीतर मुलांना सांभाळणारी बाई.

मौलब्रॉनच्या गेरहार्ड लांगची आई अशांपैकीच. त्याचे वडील पाळक होते. आईनं पुठ्ठ्यावर चोवीस छोटी बिस्किटं टाके घालून बसवली होती, मुलानं रोज एक सोडवून खायचं. मुलगा मोठा होऊन म्युनिकमध्ये छपाईच्या धंद्यात पडला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यानं तेच कागदावर आणलं. एका कागदावर चोवीस चित्रं, ती कापून दुसऱ्या कागदावर रोज एक चिकटवायची. उघडायच्या छोट्या खिडक्या आल्या १९२० च्या आसपास. इथं विखर्नच्या चाकाची ती अडचण उभी राहिली: कधी बावीस दिवस, कधी अठ्ठावीस. छापणाऱ्यानं ती एका फटक्यात सोडवली. १ डिसेंबरला सुरू, २४ ला संपणार, दर वर्षी तेच. शिल्लक राहिलेला माल पुढच्या वर्षीही खपतो. चर्चचा आगमनकाळ आणि बाजाराचा आगमनकाळ तिथून वेगळे झाले, आणि जगातल्या बहुतेक मुलांना आता बाजाराचाच ठाऊक आहे.

नाझी काळात या कॅलेंडरांतून येशूबाळ काढून त्याजागी पक्षाला चालतील अशी चित्रं भरण्याचा खटाटोप झाला. लांगचा धंदा तोवर बसला होता. युद्ध संपल्यावर १९४६ साली श्टुटगार्टच्या रिखार्ड सेलमरनं एका छोट्या गावाचं चित्र असलेलं कॅलेंडर काढलं. उद्ध्वस्त शहरांच्या देशात शाबूत घरांचं गाव. त्या कॅलेंडरांतली बरीच अमेरिकेला गेली. खिडकीमागं चॉकलेट येऊन बसलं ते पुढं बोकाळलं. मुंबईतल्या मोठ्या दुकानांत ती आता मिळतात. माझ्या नातवाला परदेशातल्या मावशीनं पाठवलेलं एक कॅलेंडर त्यानं ३ तारखेलाच पुरतं रिकामं केलं. त्याला काय बोलणार? बिस्किटाचा टाका आईसमोर उसवावा लागायचा, पुठ्ठ्याच्या खिडक्यांवर कुणाची नजर नसते.

काड्यांची रीत मात्र आमच्याकडं छान रुजली. वसईत भाताची कापणी नुकतीच झालेली असते, त्यामुळं पेंढ्याला तोटा नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात एक रिकामी गव्हाण ठेवतो. मुलानं दिवसभरात एखादं चांगलं काम केलं तर काडी टाकायची, काय केलं ते सांगायचं नाही. एका वर्षी एक मुलगा मूठभर काड्या घेऊन आला आणि यात उद्या-परवाच्याही आहेत म्हणाला. मी त्या टाकू दिल्या. फादरांना हे पटलं नाही. पुण्याई आगाऊ जमा करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. तात्त्विकदृष्ट्या त्यांचंच बरोबर असेल.

वीस लहान मेणबत्त्यांचं काय, हा प्रश्न मी चर्चच्या समितीपुढं काढला होता. जागा नाही, मेण गळेल, सुरूची वाळलेली डहाळी भडकली तर काय करायचं, असे तीन आक्षेप आले, आणि तिसरा तर मलाच मान्य होता. शेवटी वेदीवर चारच राहिल्या. वर्गात मात्र परातीत वाळू घालून आम्ही पणत्या मांडतो, दिवाळीनंतर कुंभाराकडं उरलेल्या स्वस्तात मिळतात. रविवारच्या चार मोठ्या, बाकीच्या लहान. आठवडाभर संध्याकाळी जवळपासची दोन-तीन मुलं येऊन त्या त्या दिवसाची पेटवून जातात. यंदा लहान किती लागतील ते मी सांगत नाही. नोव्हेंबरात मुलांच्या हातात कॅलेंडर देते आणि मोजायला लावते. पहिल्या फेरीत निम्म्यांचं उत्तर चुकतं, कारण ती १ डिसेंबरपासून मोजायला लागतात.