एकविसावा रकाना

२८ फेब्रुवारी २०२४. क्राउडस्ट्राइकच्या फाल्कन या सुरक्षा-सॉफ्टवेअरची ७.११ आवृत्ती विंडोजसाठी येते. तिच्यात हल्ले ओळखणाऱ्या नियमांसाठी एक नवा साचा आहे, त्यात २१ रकाने आहेत. त्यांना माहिती पुरवणारा कोड २०च रकाने भरतो.

५ मार्च. चाचणी. एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' अशी खूण असते, त्यामुळे तो वाचायची वेळच येत नाही. चाचणी पास. एप्रिलमध्ये याच साच्यावरचे तीन नियम ग्राहकांकडे जातात, बिनबोभाट.

जून. इशारा लिनक्सकडून येतो. फाल्कन चालू असताना कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) पॅनिक होतो, असं लिनक्स पुरवणारी रेड हॅट ग्राहकांना कळवते. दोष वेगळा, पण जागा तीच. कर्नलमध्ये चूक झाली की सावरायला वर कोणी नसतं, अख्खं यंत्र बसतं.

शुक्रवार, १९ जुलै, सकाळी ९.३९ (भारतीय वेळ). दोन नवे नियम सुटतात. तपासणी करणाऱ्या प्रोग्रॅममध्येच दोष आहे, तो दोन्ही पास करतो. त्यातला एक नियम पहिल्यांदाच एकविसावा रकाना मागतो. हे नियम असलेली २९१ क्रमांकाची फाइल टप्पे न पाडता जगभर जाते.

अनेक ग्राहकांनी मुद्दाम एक आवृत्ती मागे राहायचं ठरवलं होतं. ती सेटिंग फक्त फाल्कनच्या प्रोग्रॅमला लागू होती, या फाइलींना नाही. या घटनाक्रमातली सर्वांत जड नोंद मला हीच वाटते. सावध राहिलेल्यांनाही फाइल मिळाली.

काही क्षणांत. फाल्कनचा कर्नलमधला ड्रायव्हर मेमरीत नसलेला रकाना वाचायला जातो. निळा पडदा. रीस्टार्ट. हा ड्रायव्हर विंडोज सुरू होतानाच लोड होतो, म्हणून पुन्हा निळा पडदा.

१०.५७. फाइल मागे घेतली जाते. ७८ मिनिटं झाली आहेत. यानंतर चालू होणारे संगणक सुरक्षित. पण जे कोसळले, त्यांतल्या बहुतेकांपर्यंत दुरुस्ती पोचायला ते आधी चालू व्हायला हवेत.

दुपार. मुंबई आणि दिल्ली विमानतळांवर अकासा एअरचं चेक-इन हाताने. देशात काही प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास.

उपाय एवढाच: सेफ मोडमध्ये जा, ड्रायव्हरच्या फोल्डरमधली ती फाइल पुसा, रीस्टार्ट करा. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर आधी ४८ अंकी किल्ली. दर यंत्रापाशी जाऊन.

२० जुलै. मायक्रोसॉफ्टचा अंदाज: ८५ लाख यंत्रं.

२९ जुलै. सुमारे ९९ टक्के यंत्रं परत सुरू झाल्याचं क्राउडस्ट्राइक सांगते. अशा फाइली टप्प्याटप्प्याने सोडायच्या आणि त्या कधी घ्यायच्या हे ग्राहकाला ठरवू द्यायचं, हा निर्णय कंपनीने १९ जुलैनंतर घेतला.