हळकुंडाचे मोल: रंगाचे की रेणूचे?

हळदीच्या कागदावर साबणाचे पाणी टाकले की तो लाल होतो. हा प्रयोग आपण वर्गात नेहमी करतो. हळदीत चुना घालून कुंकू करतात, त्यातही हेच घडते. सौंदर्यप्रसाधनात हळदीचे रसायन वापरण्याची आपली ही जुनी रीत म्हणायला हरकत नाही!

रंग बदलणारे ते द्रव्य म्हणजे कुरकुमिन. 1815 मध्ये फोगेल आणि पेल्टिए यांनी ते हळदीतून प्रथम वेगळे केले. त्याची रचना कळायला मात्र 1910 साल उजाडले. वाळलेल्या हळदीत ते जेमतेम 2 ते 5 टक्के असते.

परभणीच्या वाचकांना वसमतची हळद सांगायला नको. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तोवर वसमत परभणी जिल्ह्यातच होते. हळद आठ-नऊ महिने शेतात असते; येलदरी-सिद्धेश्वरच्या पाण्याचा तिला आधार. पुढे काढणी, शिजवणे, वाळवणे, पॉलिश. मग बाजारात खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग पाहतो आणि भाव बोलतो.

हळदीची मागणी स्वयंपाकघराबाहेर किती गेली होती, हे एका पेटंटने दाखवले. जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट 1995 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाला मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लेखी पुरावे मांडले, आणि 1997 मध्ये ते दावे फेटाळले गेले. आजीचा बटवा कागदोपत्री सिद्ध करावा लागला!

पण आजीचे म्हणणे आणि गोळीच्या डबीवरचे म्हणणे एक नव्हे. पोटात घेतलेले कुरकुमिन रक्तात फारच थोडे उतरते. 1998 मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी त्यासोबत मिऱ्यातले पायपरिन दिले, तेव्हा हे प्रमाण माणसांत सुमारे वीसपट वाढले. तरी 2017 च्या एका मोठ्या आढाव्यात औषध म्हणून त्याची कामगिरी निराशाजनकच ठरली. बाजार मात्र वाढतच राहिला.

प्रसाधनांची तऱ्हा आणखी न्यारी. क्रीमने चेहरा पिवळा झालेला कोणाला चालेल? म्हणून कुरकुमिनला हायड्रोजन जोडून टेट्राहायड्रोकुरकुमिन बनवतात. ते जवळजवळ रंगहीन असते. ज्या पिवळेपणावर शेतकऱ्याला भाव मिळतो, तोच इथे काढून टाकला जातो.

आता हिशेब करून पाहा. 2 टक्क्यांच्या एका क्विंटलात 2 किलो कुरकुमिन, 5 टक्क्यांच्या क्विंटलात 5 किलो. अर्क काढणाऱ्याला हा फरक अडीचपट. नुसत्या नजरेने आणि वजनावर विकणाऱ्या शेतकऱ्याला तो दिसतच नाही. शिवाय नजर फसते: लेड क्रोमेट या विषारी शिशाच्या संयुगाने फिकी हळकुंडेही झळाळतात. अल्कोहोलमध्ये मात्र कुरकुमिन विरघळते, लेड क्रोमेट विरघळत नाही. तो अर्क गाळून 425 नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या प्रकाशात ठेवला, की किती प्रकाश शोषला गेला यावरून कुरकुमिनचे प्रमाण काढता येते.