मोटारीची कुळकथा

दुसऱ्या महायुद्धामुळें अमेरिकेंत १९४२ च्या फेब्रुवारींत खासगी मोटारींचें उत्पादन थांबलें, तें १९४५ च्या जुलैपर्यंत पुन्हां सुरू झालें नाहीं. युद्ध संपलें तेव्हां लोकांच्या गांठीं पैसा होता, आणि दारांतली मोटार झिजून गेलेली होती. १९४६ च्या नोव्हेंबरांत सरकारी किंमत-नियंत्रण उठलें, तरी कारखान्यांनीं आपल्या ठरीव किंमती बाजारभावापेक्षां कमीच ठेवल्या. पण मोटारी थोड्या आणि गिऱ्हाइकें फार. अशा वेळीं तेथें एक विलक्षण प्रकार दिसूं लागला. जिच्या टायरांवरची नक्षीही पुसली गेलेली नाहीं अशी मोटार ‘वापरलेली’ म्हणून जुन्या बाजारांत उभी राही, आणि तिची किंमत नव्या मोटारीपेक्षां शेंकडों डॉलरांनीं अधिक असे! मधला एखादा इसम चार दिवसांपुरता मालक होई. मालकीपत्रावर त्याचें नांव चढे. आणि त्या एका नांवानें नवी मोटार जुनी ठरे. कागदावर एकही अक्षर खोटें नसे, तरी सारा व्यवहार मात्र बनाव असे.

मालकीपत्राचें सामर्थ्य आणि त्याचा दुबळेपणा हीं दोन्ही या एका प्रकारांत दिसून येतात. मोटार कोणाची, हें तें पत्र सांगतें. तिच्यावर काय गुजरलें, हें सांगत नाहीं. तेथून पुढचा इतिहास म्हणजे या मुक्या कागदास बोलतें करण्याच्या खटपटीचा इतिहास होय.

टंचाई सरली तशी फसवणुकीची दिशा उलटली. पूर्वी चांगली मोटार जुनी म्हणून महाग विकली जाई. आतां बिघडलेली मोटार चांगली म्हणून विकली जाऊं लागली. पहिली युक्ति मैलमापकाचे आंकडे मागें फिरविण्याची. १९७२ च्या कायद्यानें तो गुन्हा ठरविला आणि विक्रेत्यानें मैलांचा आंकडा लिहून द्यावा असें बंधन घातलें. परंतु तें लिखित वेगळ्या कागदावर असे, आणि वेगळा कागद बदलणें फारसें अवघड नसतें. म्हणून १९८६ सालीं दुसरा कायदा करून तो आंकडा खुद्द मालकीपत्रावरच नोंदवावयास लावला. मुका कागद पहिलें वाक्य बोलला तें असें.

दुसरी कथा ‘लिंबां’ची. आपल्याकडे मोटारीस दृष्ट लागूं नये म्हणून लिंबू-मिरची बांधतात. अमेरिकन बोलींत मात्र उपजतच खोड असलेल्या मोटारीलाच लिंबू म्हणतात. १९८२ सालीं कनेक्टिकट राज्यानें कायदा केला कीं, पुनःपुन्हां दुरुस्त करूनही न सुधारणारी नवी मोटार कारखान्यानें बदलून द्यावी किंवा परत घ्यावी. पुढें सर्व ५० राज्यांनीं असे कायदे केले. पण परत घेतलेल्या मोटारीचें पुढें काय? ती डागडुजी होऊन दुसऱ्या राज्यांत जाई, आणि वर्षभरच वापरलेली, स्वस्त व देखणी म्हणून नव्या गिऱ्हाइकाच्या गळ्यांत पडे.

तिसरी कथा अपघाताची आणि पुराची. मोटारीची हानि फार झाली म्हणजे विमा कंपनी मालकास पैसे देते आणि मोडकी मोटार लिलावांत काढते. तिच्या मालकीपत्रावर तसा शिक्का मारावा असा नियम आहे. परंतु मालकीपत्र देणारें प्रत्येक राज्य वेगळें, आणि शिक्क्याची कसोटीही वेगळी. अलाबामांत हानि किंमतीच्या ७५ टक्के झाली कीं शिक्का बसतो. टेक्ससांत ती १०० टक्क्यांच्या वर जावी लागते. एका राज्याचा शिक्का दुसऱ्यानें आपल्या नव्या कागदावर उतरविला नाहीं, कीं तो तेथेंच पुसला गेला. आपल्याकडे तीर्थांत बुडी मारून पाप धुतात. तेथें मोटारीनें नुसती सीमा ओलांडली कीं पुरे! अशा मोटारींत कित्येकदां अपघातांत फुगून निकामी झालेली एअरबॅग बदललेलीही नसे. रिकाम्या जागेवर नुसतें झांकण बसविलेलें असे. ठेंच लागते ती नुसती खिशास नव्हे.

मुंबईकरांस २६ जुलै २००५ चा प्रलय आठवत असेल. त्यानंतर पांच आठवड्यांच्या आंत, २९ ऑगस्ट रोजीं, कॅटरिना वादळानें न्यू ऑर्लिन्स बुडविलें आणि मोटारी लाखांनीं पाण्याखालीं गेल्या. धुवून पुसून चकचकीत केलेली मोटार वरून निर्दोष दिसते. पण तारांमध्यें शिरलेला ओलावा आंतून महिनोन्महिने गंजवीत राहतो. दोष केवळ भामट्यांचाच होता असेंही नाहीं. त्याच वर्षाच्या जानेवारींत एका मोठ्या विमा कंपनीनें, हजारों मोडक्या मोटारी योग्य शिक्क्याविना विकल्या गेल्याबद्दल, ४९ राज्यांशीं तडजोड करून सुमारें ४ कोटि डॉलर देण्याचें मान्य केलें.

यावर उपाय १९९२ च्याच कायद्यांत सांगितलेला होता. सर्व राज्यांच्या मालकीपत्रांची माहिती एका राष्ट्रीय दप्तरांत यावी, अशी ती योजना. १९८१ पासून प्रत्येक मोटारीस १७ अक्षरांकांचा ओळखक्रमांक असे, त्यामुळें काम अशक्य नव्हतें. तरी तें दप्तर सामान्य गिऱ्हाइकास खुलें व्हावयास २००९ चा जानेवारी उजाडला. त्याच वर्षीं विमा कंपन्या आणि भंगारवाले यांच्यावर माहिती कळविण्याची सक्ती झाली. चोरांस सीमा ओलांडावयास एक रात्र पुरे. कायद्यास सतरा वर्षें लागलीं.

आणि तें दप्तरही सर्वज्ञ नाहीं. ज्या अपघाताची खबर विमा कंपनीस दिलीच नाहीं, तो गल्लींतल्या कारखान्यांत परस्पर बुजविला जातो आणि कागद कोराच राहतो. जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं जुन्या मोटारींच्या बाजारावरच एक निबंध लिहिला. कांहीं नियतकालिकांनीं तो आधीं साभार परत केला होता, आणि २००१ सालीं त्यासच नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. त्याचा सारांश असा कीं, माल कसा आहे हें विकणाऱ्यास ठाऊक आणि घेणाऱ्यास नाहीं, अशा बाजारांत गिऱ्हाईक सर्वांवरच संशय घेतें, भाव पडतो, आणि चांगली मोटार असलेला प्रामाणिक मालकच प्रथम बाजारांतून उठतो.

म्हणजे धुतलेल्या एका मालकीपत्रानें एकच घर बुडत नाहीं. ज्यास नवी मोटार परवडत नाहीं त्याची पुंजी तर जातेच. शिवाय ज्यानें आपली मोटार जिवापाड जपली, त्याच्या खऱ्या शब्दाचीही किंमत उतरते.