उकळी न येऊ देता : येर्बा माटेची कुळकथा

चहाचं पाणी खळखळून उकळलं तरी आपलं काही बिघडत नाही. येर्बा माटे या दक्षिण अमेरिकी पेयाचं मात्र तिथेच बिनसतं. त्याचा पाला 70 ते 80 अंश सेल्सिअसच्या पाण्यात खुलतो. त्याहून गरम पाणी पडलं, की सगळा कडूपणा पहिल्याच घोटात उतरतो आणि पुढची पाणी मचूळ लागतात. घरोघरच्या कृती कितीही वेगळ्या असल्या, तरी पाणी किती तापवायचं हा प्रश्न कुठल्याच घराला चुकत नाही.

हा पाला ज्या झाडाचा, त्याचं शास्त्रीय नाव इलेक्स पॅराग्वारिएन्सिस. पॅराग्वे, ईशान्य अर्जेंटिना आणि दक्षिण ब्राझीलच्या जंगलांत ते वाढतं. तिथले ग्वारानी लोक युरोपीय येण्याच्या कितीतरी आधीपासून हा पाला वापरत. छाटलेल्या फांद्या काही क्षण ज्वाळांवरून फिरवायच्या, मग वाळवून चुरायच्या, ही रीत त्यांचीच. ज्वाळेच्या त्या झटक्यामुळे पान काळं पडत नाही. वाळलेल्या दुधीच्या तुंब्यात चुरा घालून पाणी ओतायचं आणि वेळूच्या बारीक नळीने ओढायचं. पुढे वेळू जाऊन धातूची नळी आली. तिच्या खालच्या टोकाला गाळणी असते. तिला बोंबिया म्हणतात.

स्पॅनिश लोकांना ही सवय आधी खटकली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गव्हर्नर हेर्नांदारियास यांनी माटेवर बंदी घातली, पण ती टिकली नाही. जेझुइट पाद्रीही आरंभी विरोधातच होते. नंतर मात्र त्यांनीच आपल्या वसाहतींत माटेची लागवड केली. ही सोपी गोष्ट नव्हती, कारण या झाडाचं बी सहजासहजी रुजत नाही. जंगलात ते पक्ष्यांच्या पोटातून गेल्यावर रुजतं. 1767 मध्ये स्पेनने जेझुइटांना हद्दपार केलं आणि मळे रान झाले. लागवडीची विद्याही विसरली गेली, पुन्हा सारी भिस्त जंगलावर आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्वेनोस आयरेसच्या उद्यानांचे प्रमुख कार्लोस थाइस यांनी बिया गरम पाण्यात बराच वेळ भिजवून रुजवून दाखवल्या. आज अर्जेंटिनाच्या मिसिओनेस प्रांतात दिसणाऱ्या मळ्यांमागे अशा प्रयोगांचा हात आहे.

तुंब्यातला माटे लावणं हे खरं हातचं कसब. तुंबा दोन तृतीयांश भरायचा, तोंडावर तळवा ठेवून उलटा करायचा आणि हलवायचा. बारीक भुकटी तळव्याला चिकटते, ती झटकून टाकायची. नाहीतर तीच गाळणीत जाऊन बसते. मग तुंबा हळूच तिरका करून सरळ करायचा, म्हणजे चुरा एका बाजूला चढासारखा राहतो. खोलगट बाजूला आधी कोमट पाणी घालायचं आणि ते मुरेपर्यंत थांबायचं. नळीचं वरचं तोंड अंगठ्याने दाबून ती तिथे खोवायची. आता गरम पाणी नळीजवळच, त्याच खळग्यात, बारीक धारेने. वरचा चढ कोरडा राहिला पाहिजे, कारण पुढच्या पाण्यांची चव तिथून येते. आणि एकदा खोवलेली नळी ढवळायची नाही. पहिला कडू घोट माटे लावणारा स्वतः घेतो. मग तोच तुंबा, तीच नळी बैठकीत फिरते. परत देताना ‘आभारी आहे’ म्हटलं, की आता पुरे, असा अर्थ होतो.

ही कृती जागोजागी बदलते. दक्षिण ब्राझीलमध्ये वाळलेला पाला साठवून फार मुरवत नाहीत. तो ताजा, हिरवागार आणि पिठासारखा बारीक असतो. तिथला तुंबा मोठा, पेयाचं नाव शिमाराव. रिओच्या किनाऱ्यावर भाजलेल्या पानांचा थंड, गोड माटे लिंबाच्या सरबतात मिसळून विकतात. पाला उकळून, गाळून कपात घेतला की तो माटे कोसिदो. अर्जेंटिनात लहान मुलांना तो दूध घालून देतात. पॅराग्वेत साखर आणि पाला निखाऱ्याने भाजून, करपल्या साखरेचा वास आला की वर पाणी किंवा दूध ओततात. अर्जेंटिनातून परतलेल्या स्थलांतरितांनी ही सवय सीरिया-लेबनॉनला नेली. तिथे माटे छोट्या काचेच्या पेल्यात घेतात आणि आज सीरिया अर्जेंटिनाच्या माटेचं मोठं गिऱ्हाईक आहे. यातला खरा माटे कोणता, हा वाद मला व्यर्थ वाटतो. ज्या घराला जे पाणी, जी भांडी, जो काळ मिळाला, त्यातून त्या घराची कृती घडली.

जपायचं ते तापमान. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये 65 अंशांवरची अतिगरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात, असं नोंदवलं. माटे बेताचा गरम असेल, तर तसा ठपका त्याच्यावर नाही. म्हणून तुंब्यात पाणी ओतलं की लगेच ओढू नये.

आपल्याकडे सुरुवात करायची तर तेरेरेपासून करावी. हा पॅराग्वेचा थंड माटे. 2020 मध्ये युनेस्कोने तो आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. तो शिंगाच्या पेल्यात, बर्फाच्या पाण्यात करतात आणि त्या पाण्यात खलात ठेचलेल्या औषधी वनस्पती घालतात. त्यांतली एक आपला गवती चहा, दुसरी पुदिना. शिंगाचा पेला नसला तरी अडत नाही, स्टीलचा पेला चालतो. नळी मात्र गाळणीची घ्या, आणि मे महिन्यातली एखादी दुपार निवडा.