उपग्रह-दिशादर्शनाची उड्डाणपूर्व तपासणी (मुंबई)

विमान निघण्यापूर्वी, ठरलेल्या मार्गावर ठरलेल्या वेळी उपग्रहांवरून मिळणारे स्थान भरवशाचे असेल का, याची केलेली पडताळणी. विमानकंपनीचा डिस्पॅच विभाग किंवा वैमानिक ती करतो.

पद्धत. स्थान काढायला चार उपग्रह पुरतात. त्यांतला एखादा चुकतो आहे हे ओळखायला किमान पाच लागतात, आणि चुकणारा वगळून पुढे जायला सहा. ग्राहकयंत्राच्या या स्वयंतपासणीला ‘रेम’ म्हणतात. उपग्रहांच्या कक्षा ठाऊक असतात, त्यामुळे अमुक वेळी मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरच्या आकाशात पुरेसे उपग्रह असतील का, हे आधीच मांडता येते. देखभालीसाठी बंद राहणारे तेवढे वजा करायचे. आरनॅव्ह-१ व २ या प्रकारच्या मार्गांवर सलग पाच मिनिटांहून जास्त खंड दिसला, तर फ्लाइट प्लॅन बदलावा असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. जीपीएसचे तीसच्या आसपास उपग्रह चालू असताना असा खंड क्वचितच निघतो. उत्तर बहुधा ‘ठीक’ असे येते आणि त्याचा अर्थ गरजेपेक्षा मोठा लावला जातो. ही तपासणी उपग्रहांची मांडणी पाहते. त्यांचा संदेश विमानापर्यंत धड पोहोचेल का, हे तिच्या कक्षेत येत नाही.

मुंबईपुरते. हा फरक इथे जास्त जाणवतो. सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावरचे हे शहर भूचुंबकीय विषुववृत्ताच्या उत्तरेकडील दाट आयनांबरी पट्ट्याजवळ येते. सौरक्रियाशीलता वाढलेल्या वर्षांत, विशेषतः मार्च व सप्टेंबरच्या आसपास, सूर्यास्तानंतर संदेश थरथरतात, कधी तुटतातही. रेमच्या अंदाजात हे धरलेले नसते. दुसरी अडचण माणसाने घडवलेली आहे. खोटे संदेश सोडून विमानाला भलतेच स्थान दाखवण्याला स्पूफिंग म्हणतात. रेम फक्त उपग्रहांची परस्परांशी जुळणी तपासतो. सगळे साक्षीदार पढवलेले असले की उलटतपासणीला काही सापडत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने या धोक्याबद्दल परिपत्रक काढले. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीतील स्पूफिंगच्या घटनांनंतर असा प्रकार १० मिनिटांच्या आत कळवण्याची सूचना आली आणि पुढच्याच महिन्यात संसदेत सरकारने दिलेल्या उत्तरात मुंबईचेही नाव होते.

आक्षेप. घाटकोपरवरून २७ क्रमांकाच्या धावपट्टीकडे उतरणाऱ्या विमानाला जमिनीवरच्या आयएलएसचा आधार असतो, मग उपग्रहांची एवढी चिंता कशाला, असे म्हटले जाते. पण आयएलएस शेवटच्या टप्प्याचे साधन आहे. तिथवर आणणारे आगमनमार्ग उपग्रहांवर बरेच विसंबतात. जुहूहून मुंबई हायच्या तेलक्षेत्राकडे जाणाऱ्या हेलिकॉप्टरखाली तर समुद्रच असतो. ‘मग ही तपासणी निरुपयोगीच’ हा उलटा निष्कर्षही टिकत नाही. ज्ञात खंड ती जवळजवळ फुकटात दाखवते. चूक होते ती तिच्यावर थांबण्यात: नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना), आयनांबराची स्थिती, जडत्वीय यंत्रणा आणि व्हीओआर-डीएमई ही जमिनीवरची रेडिओ-साधने यांचा पर्याय हे सगळे त्याच बैठकीत पाहिले पाहिजे.

गगन. इस्रो व भारतीय विमानतळ प्राधिकरणाची, जीपीएसला पूरक प्रणाली. तिला मार्गस्थ उड्डाणासाठी ३० डिसेंबर २०१३ रोजी आणि उंचीच्या मार्गदर्शनासह उतरण्यासाठी २१ एप्रिल २०१५ रोजी प्रमाणपत्र मिळाले. जीसॅट-८, जीसॅट-१० व जीसॅट-१५ यांवरून ती दुरुस्त्या व इशारे पाठवते. त्यासाठी जमिनीवर १५ संदर्भकेंद्रे आहेत. विमानात योग्य ग्राहकयंत्र असेल तर रेमच्या अंदाजाऐवजी गगनचे नोटॅम पाहणे पुरते. पण जुन्या ताफ्यांत असे यंत्र सहसा नसते. २०१६ च्या धोरणाने १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या विमानांना त्याची सक्ती केली होती. ती मुदत पुढे ढकलली गेली. इंडिगोच्या एटीआर विमानाने २८ एप्रिल २०२२ रोजी किशनगडला गगनच्या आधारे उतरून दाखवले. खोट्या संदेशांवर मात्र गगन हा उतारा नव्हे.

पूर्वपीठिका. स्थान चुकल्याची, उपग्रह-दिशादर्शनापूर्वीची एक नोंद: २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले व तिच्या टोकापुढे निघून गेले; जीवितहानी झाली नाही.

नॅव्हिक. भारताची स्वतंत्र प्रणाली. प्रवासी विमानांच्या या तपासणीत अद्याप धरली जात नाही.